समितीला मत की 'येणाऱ्याला' मत? सीमाभागातल्या तिसऱ्या मताबद्दल

शहापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

पुढच्या कर्नाटक विधानसभेला अजून वेळ आहे, म्हणूनच सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला मत द्यायचं का, हा विषय आत्ता काढतोय. अर्ज भरायला सुरुवात झाली की आपल्याकडे यावर शांतपणे बोलता येत नाही. गल्लीतल्या एकाच गणेश मंडळात दोन तट पडतात, भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो.

दर निवडणुकीला दोन वाक्यं कानावर येतात. एक, "समितीला मत म्हणजे मत फुकट." दुसरं, "राष्ट्रीय पक्षाला मत म्हणजे हुतात्म्यांशी गद्दारी." पहिलं मतदाराला घाबरवतं, दुसरं लाजवतं. या दोन्हींच्या मधे सापडलेला माणूस आपल्या मतदारसंघात नेमकी कुणाकुणात लढत आहे, हे बघायचंच सोडून देतो.

म्हणून आधी आकडे. एप्रिल २०२१ ची बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक आठवा, सुरेश अंगडी गेल्यावर झालेली. भाजपच्या मंगला अंगडी यांना ४,४०,३२७ मतं. काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींना ४,३५,०८७. फरक ५,२४०. आणि समितीच्या शुभम शेळके यांना १,१७,१७४. पहिल्या दोघांत जेवढं अंतर होतं त्याच्या बावीसपट मतं तिसऱ्याकडे होती. तरीही नियमाने अनामत जातेच, कारण ती राखायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात आणि मतदान दहा लाखांच्या घरात होतं.

त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक झाली. भाजप पहिल्यांदाच कमळ घेऊन उतरला आणि ५८ पैकी ३५ जागा घेऊन गेला. ज्या महापालिकेवर आपण पिढ्यानपिढ्या भगवा फडकवला तिथं समिती बोटावर मोजण्याइतकी उरली. २०२४ च्या लोकसभेला तर समितीची मतं दहा हजारांच्या आसपास आली.

माझं म्हणणं असं आहे की ती १,१७,१७४ मतं निकालाच्या दिवशी फुकट गेली नव्हती. पुढच्या चार महिन्यांत आपण ती फुकट घालवली. एवढी मतं हातात असताना दोन्ही पक्षांकडे जाऊन मराठी परिपत्रकं, हलगा-मच्छे बायपासमध्ये जाणाऱ्या शेतजमिनी, मराठी शाळांतले शिक्षक यांतली एक तरी गोष्ट लेखी मागायला हवी होती. मागितली नाही. मतदाराला वाटलं, आपण मत दिलं त्याचं पुढं काहीच झालं नाही. मग तो गेला.

आणि एक. 'तिसरा' कोण, हे तरी आपण नीट बघतो का? २०२३ ला बेळगाव दक्षिणमध्ये भाजपचे अभय पाटील १२,३०८ मतांनी निवडून आले. दुसरे होते समितीचे रमाकांत कोंडुसकर, ६४ हजारांवर मतं घेऊन. काँग्रेस तिसरी होती. म्हणजे 'मत फुकट घालवू नका' हे तिथं समितीच्या मतदाराला सांगायचं, की काँग्रेसच्या?

तुमचं काय मत आहे, मोकळेपणाने लिहा. फक्त शिवीगाळ नको, आणि जातीवर घसरू नका.

---

टिळकवाडी_वाचक

शहापूरकर, आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष पटत नाही.

आमदार कशासाठी निवडतो? रस्ता, ड्रेनेज, पाणी, पोलीस ठाण्यात अडकलेलं पोरगं, तहसीलदाराकडे रखडलेलं काम. ही कामं सत्तेजवळच्या माणसाची होतात. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, दक्षिणेत संभाजी पाटील आणि खानापुरात अरविंद पाटील. २२४ च्या सभागृहात दोघे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण दोन माणसं त्या सभागृहात काय बदलू शकणार होती?

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाव दक्षिणमधून कोण निवडून आलं यावर तो निकाल ठरणार नाही. मग दर पाच वर्षांनी त्या नावावर मत मागायचं आणि गटारीचा प्रश्न तसाच ठेवायचा, हे मला मराठी माणसाच्या हिताचं वाटत नाही. भाजपच्या ३५ नगरसेवकांत मराठी माणसं भरपूर आहेत. २०२३ ला महापौर झाल्या त्याही मराठीच. मी कमळाला मत देतो म्हणून माझं मराठीपण कमी होत नाही, आणि माझ्या आजोबांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्यात हे मला कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

---

अनगोळ_शिवार

टिळकवाडीकर दादा, तुमी शिकलेली माणसं, तुमचं बरोबर असंल. खरं माझं ऐका.

बायपासला आमच्या शिवारात जेसीबी आला तवा भात उभं होतं. तिबार पीक देणारी जमीन हाय ही, बासमतीचा वास येतोय रस्त्यापतूर. त्या दिवशी मोठ्या पक्षाचं कोण आलं न्हाई. एक म्हणतंय केंद्राचं काम हाय, दुसरं म्हणतंय राज्याचं काम हाय. बांधावर कोण हुबं ऱ्हायलं? रयत संघटनेचे चार लोक आणि समितीचे. केसी अंगावर घेतल्या त्येनी. कोर्टाच्या तारखांस्नी बी तेच आले.

निवडून येतंय का न्हाई ते मी बघत न्हाई. माज्या बांधावर जो हुबा ऱ्हातोय त्येला माजं मत. त्येला फुकट म्हणू नका.

---

वडगावची_लेक

वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे, आणि आमच्या घरात ही दोन्ही माणसं एकाच ताटाला बसतात, त्यामुळे रोज ऐकते.

बायकांचं गणित वेगळं आहे, ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. २०२३ नंतर काँग्रेस सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये खात्यावर येतात. एखादा हप्ता रखडला की बचत गटाच्या बैठकीत त्याच्याशिवाय दुसरा विषय नसतो. ज्या घरात पुरुष समितीची टोपी घालून १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला जातात, त्याच घरातल्या बाईने हाताला मत दिलेलं असू शकतं, आणि ती ते घरात सांगत नाही. तिला गद्दार म्हणणाऱ्याने आधी तिच्या घरचा किराणा भरावा.

माझी अडचण मराठीची आहे. मुलीच्या शाळेतली सूचना कन्नडमध्ये, वीजबिल कन्नडमध्ये, सासूबाईंच्या पेन्शनचा अर्ज कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, शेजारणी कन्नडच आहेत आणि आमचं छान जमतं. पण सासूबाईंना अंगठा कशावर उठवतोय ते वाचता आलं पाहिजे ना? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, असं धोरण आहे. हे मागणारा आवाज दोन्ही मोठ्या पक्षांच्या मराठी आमदारांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. बेंगळुरूहून तिकीट मिळतं, तिथलाच धाक असतो. टिळकवाडी_वाचक, तुमच्या ३५ पैकी कुणी महापालिकेत मराठी परिपत्रकाचा ठराव मांडून दाखवावा, मी पुढच्या वेळी विचार करीन.

---

उचगाव_ते_ओहायो

बरीच वर्षं इकडे अमेरिकेत आहे, पण मतदानाच्या दिवशी जीव तिकडेच असतो. इकडे हा वाद दर चार वर्षांनी होतो, म्हणून थोडं सांगतो.

२००० साली फ्लोरिडात बुश यांना डेमोक्रॅट गोर यांच्यापेक्षा फक्त ५३७ मतं जास्त मिळाली, आणि त्या एका राज्यावर अध्यक्षपद ठरलं. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथं ९७,४८८ मतं होती. आजही डेमोक्रॅट लोक नेडरच्या मतदाराला माफ करत नाहीत. नेडरचे लोक म्हणतात, आमची मतं तुमच्या मालकीची कधी होती? गोर यांनी ती मिळवायला हवी होती. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. मत 'खाल्लं' असं म्हणताना आपण आधीच धरून चालतो की ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर चढलेलं होतं.

त्याआधी १९९२ साली रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली, आणि निर्वाचक मंडळातलं एकही मत मिळालं नाही. मतं सगळीकडे पातळ पसरलेली होती. ज्या पद्धतीत सर्वांत जास्त मतं घेणारा एकच जण निवडून येतो तिथं हळूहळू दोनच पक्ष उरतात, असं फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी मांडलं होतं. पण त्याला मोठा अपवाद असतो, एका भागात एकवटलेला पक्ष. कॅनडात १९९३ ला ब्लॉक केबेक्वा हा फक्त क्विबेक प्रांतातला, फ्रेंच भाषकांचा पक्ष देशभरातली साडेतेरा टक्के मतं घेऊन ५४ जागा जिंकला आणि थेट अधिकृत विरोधी पक्ष झाला. त्याच निवडणुकीत १६ टक्के मतं घेणाऱ्या, तोवर सत्तेत असलेल्या पक्षाला २ जागा मिळाल्या.

आपली समिती या दुसऱ्या प्रकारात बसते. किंवा बसत होती. १९६२ ला म्हैसूर विधानसभेत समितीचे ६ आमदार होते ते त्यामुळेच.

---

कडोलीकर

उचगावचं नाव निघालं म्हणून सांगतो. उचगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, २००८ च्या पुनर्रचनेत तो राहिला नाही. बागेवाडीही गेला. बेळगाव शहराचे उत्तर आणि दक्षिण झाले. एकवटलेली मतं मोडायला मतदारसंघाच्या रेघा पुरतात, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

लोकसभेचं बघा. बेळगाव लोकसभेत आठ विधानसभा येतात, उत्तर, दक्षिण, ग्रामीण आणि त्याशिवाय गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग. मराठी मत तीन ठिकाणी, पाच ठिकाणी जवळपास नाही. खानापूर तालुका उत्तर कन्नड लोकसभेत जोडलाय, कारवारच्या समुद्रापर्यंत जाणारा मतदारसंघ. निपाणी चिकोडीत. सीमाभागाचा मतदार तीन लोकसभांत विभागलेला आहे. त्यामुळे लोकसभेला समितीने जिंकायची भाषा करूच नये, असं माझं जुनं मत आहे. तिथं मत द्यायचं ते नोंद करायला.

नोंद कशी करतात तेही या जिल्ह्याने दाखवून दिलंय. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून गावागावांतून सामान्य माणसांनी अर्ज भरले. शेतकरी, हमाल, शिक्षक. अनामत तेव्हा ५०० रुपये होती, लोकांनी वर्गणी काढून भरली. मतपत्रिका छापायची कशी आणि पेटीत मावायची कशी, हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे पडला. त्याच वर्षी आंध्रात नळगोंड्याला ४८० उमेदवार होते आणि तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला १,०३३. त्यानंतर कायदा बदलला. खुल्या गटाची लोकसभेची अनामत १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. आता ती २५,००० आहे.

देशाच्या निवडणूक कायद्यात बदल घडवणाऱ्यांत बेळगावच्या हरलेल्या उमेदवारांचा वाटा आहे. त्यांतल्या बहुतेकांना शंभर मतंही पडली नसतील. नातवंडांना हे सांगतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

---

पुण्यातून_वाचतोय

एक बाळबोध प्रश्न. निषेधच नोंदवायचा तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे की. ते का नाही?

---

कडोलीकर

त्या बटणाने कोण नको ते कळतं, काय हवंय ते कळत नाही. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते आलं, चांगलं झालं, पण त्याला कितीही मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. आमची मागणी १९५६ पासून नाव-गावासकट आहे. ती बिननावाच्या बटणात का टाकायची?

---

खानापूरचा_पाऊस

सगळे दोन राष्ट्रीय पक्षांवर बोलताय. आमच्याकडे काय झालं ते मी सांगतो, कारण तिथं दोष बाहेरच्यावर टाकता येत नाही.

२०१८ ला खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार होते. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवारापेक्षा जास्त होती. म्हणजे लोकांनी समितीला निवडून दिलं होतं, समितीने स्वतःला पाडलं. आमच्या वाडीवर दोन्ही गटांची माणसं अर्ध्या तासाच्या अंतराने आली. दोघांच्या गळ्यात तोच भगवा, दोघांच्या तोंडी तीच हुतात्म्यांची नावं. माझे वडील दोघांनाही चहा देऊन गप्प बसून राहिले.

२०२३ ला खानापूर भाजपने ५४ हजारांहून जास्त फरकाने जिंकलं. लोक म्हणतात हिंदुत्वाची लाट. असेलही. पण मला वाटतं, २०१८ ला लोकांची जी मानहानी केली त्याचा तो हिशेब होता. जंगलातले रस्ते नाहीत, पावसाळ्यात गावं तुटतात, आजाऱ्याला तिरडीसारख्या डोलीवर घालून आणावं लागतं. एवढं सोसूनही माणूस तिसऱ्याला मत देतो ते एका विश्वासावर. आणि तुम्ही त्याच्यापुढं दोन चिन्हं घेऊन उभे राहता?

तिसऱ्याला मत द्यावं की नाही, हा प्रश्न मतदाराला विचारण्याआधी मध्यवर्ती समितीला विचारा. 'तिसरा' एकच असणार आहे का?

---

येळ्ळूर_बूथ

खानापूरकरांचा शब्द न् शब्द पटला.

चिन्हाचा विषय निघालाय म्हणून बूथवर काम करणाऱ्याच्या बाजूने लिहितो. समिती मान्यताप्राप्त पक्ष नाही. आपला उमेदवार कागदावर अपक्ष असतो. अर्ज माघारी घ्यायची मुदत संपली की चिन्ह मिळतं, तिथून मतदानाला जेमतेम दोन आठवडे. कमळ आणि हात वर्षभर भिंतीवर असतात. आपण दोन आठवड्यांत घरोघरी जाऊन नवं चिन्ह पोचवायचं. गल्लीतल्या म्हाताऱ्या मागच्या वेळचं चिन्ह शोधत राहतात. "आपलं कुठलं रं बाळा?" असं मला दर वेळी विचारतात, आणि मी दर वेळी वेगळं सांगतो. किती मतं त्यात जातात याचा हिशेब कुणाकडे नाही.

येळ्ळूरच्या पोरांनी २०१४ ला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या गावच्या फलकापायी घरात शिरलेल्या पोलिसांचा मार खाल्ला. त्या पोरांपैकी काही आज भाजपचं काम करतात. मी त्यांना विचारलं का रे. म्हणाले, केसची तारीख आली की वकिलाला फोन तरी कुणी करतं. अशा माणसांना गद्दार म्हणून परत आणता येत नाही.

---

हिंडलगा_मास्तर

पद्धतीबद्दल एक मुद्दा राहतोय. तिसऱ्याला मत दिलं की नावडता निवडून येईल, ही भीती आपल्या स्वभावात नाही, एक माणूस एक शिक्का या पद्धतीत आहे. आपल्याच जिल्ह्यात दुसरी पद्धत चालते आणि ती आपण वापरतो.

वायव्य शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर आमदार जातात. तिथं आम्ही शिक्का मारत नाही, नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीचा मागे पडून बाद झाला की माझं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. ग्रामपंचायत सदस्यांनाही हे माहीत आहे. डिसेंबर २०२१ ला बेळगावच्या स्थानिक संस्था मतदारसंघात दोन जागा होत्या. एक काँग्रेसने घेतली, दुसरी अपक्ष लखन जारकीहोळी यांनी, आणि विधान परिषदेतले भाजपचे मुख्य प्रतोद पडले. त्या अपक्षामागे मोठं घराणं होतं, पैशाचं बळ होतं, हे सगळं मान्य. तरी दोन पक्षांच्या राज्यात तिसरा कशाने निवडून येऊ शकतो हे तिथं दिसलं.

अमेरिकेतही मेन राज्यात असं सुरू झालंय ना?

---

उचगाव_ते_ओहायो

हो मास्तर. २०१८ ला मेनमधल्या, इकडच्या संसदेच्या एका मतदारसंघात पहिल्या फेरीत रिपब्लिकन उमेदवार पुढे होता, पण निम्म्यावर कुणीच नव्हतं. मागच्या अपक्षांची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्यावर डेमोक्रॅट जेरेड गोल्डन निवडून आले. अपक्षाला मत देणाऱ्याला कुणी 'मत खाल्लंस' म्हणू शकलं नाही. ब्रिटनमध्ये मात्र २०११ च्या सार्वमतात अशी पद्धत लोकांनी दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी नाकारली. मोठ्या पक्षांना ती नको असते, आणि कायदा तेच करतात.

---

निपाणी_नाका

आमच्या निपाणीचंही लिहा कुणीतरी. २०२३ ला शशिकला जोल्ले निवडून आल्या, फरक सात हजारांच्या घरात. दुसरा कोण? राष्ट्रवादीचे उत्तम पाटील, घड्याळावर. काँग्रेस तिसरी. कर्नाटकात घड्याळाला कोण विचारतंय असं सगळे म्हणत होते, आणि ६६ हजार लोकांनी विचारलं. तंबाखू, साखर कारखाने, कागल-कोल्हापूरची सोयरीक, सगळं त्यात होतं.

माझं म्हणणं एवढंच की सीमाभागात दोन पक्षांची व्यवस्था आहे हे बेंगळुरूहून दिसतं. इथं गावागणिक पहिले दोन वेगळे आहेत. बेळगाव ग्रामीणमध्ये २०१३ ला काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर तिसऱ्या होत्या, समितीचे मनोहर किणेकर अगदी थोडक्यात दुसरे. पाच वर्षांनी हेब्बाळकर ५० हजारांवर मतांनी निवडून आल्या. २०१३ ला त्यांना मत देणाऱ्याला कुणीतरी 'फुकट घालवलंस' म्हणालंच असेल.

---

टिळकवाडी_वाचक

निपाणी_नाका, चांगलं उदाहरण दिलंत, पण त्या पाच वर्षांत त्या बाईंनी काय केलं तेही बघा. प्रत्येक गावच्या जत्रेला, लग्नाला, मयताला हजर. मराठी वस्तीत मराठी बोलल्या. शिवरायांच्या मूर्तीला मदत केली. आपले तिसरे निवडणुकीनंतर दिसतात कुठे?

आणि उत्तरचं कुणी बोललं नाही. २०२३ ला बेळगाव उत्तरमध्ये भाजप ४,२३१ मतांनी हरला. समितीच्या उमेदवाराला त्याच्या दुपटीहून जास्त मतं होती. ज्यांना काँग्रेस नको होती अशा मराठी माणसांनीच काँग्रेसचा आमदार केला. हे मला सलतं, आणि मी ते लपवणार नाही.

---

वडगावची_लेक

पण त्यांना काँग्रेस नको होती हे तुम्ही ठरवलंत. समितीच्या मतदारांपैकी निम्मे कदाचित घरीच बसले असते. काहींची दुसरी पसंती हात असेल. २०२१ ला काँग्रेसवाले म्हणत होते समितीमुळे आम्ही पडलो, २०२३ ला उत्तरेत भाजपवाले तेच म्हणाले. दोघेही आमच्याकडे बोट दाखवतात आणि दोघांपैकी एकही जण निवडणुकीआधी मराठीत एक कागद घेऊन दारात येत नाही.

---

अनगोळ_शिवार

ताई बरोबर बोलल्या. मत पायजे तर दारात या की. रिंगरोडला आनी जमीन जानार म्हणत्यात. तवा कोण येतंय बघू.

---

शहापूरकर

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. आता मला काय करावंसं वाटतं ते लिहितो, पटलं नाही तर खोडा.

लोकसभेला, कडोलीकर काका म्हणतात तसं, आठपैकी तीन ठिकाणच्या मतांवर जिंकता येत नाही. तिथं ज्याला जसं वाटेल तसं त्याने द्यावं, घराघरांत त्यावरून भांडण नको. विधानसभेला दक्षिण आणि खानापूर या दोन जागांवर ताकद लावावी, कारण दक्षिणेत आपण आजही दुसरे आहोत आणि खानापुरात एकेकाळी पहिले होतो. ग्रामीणमध्येही २०२३ ला चाळीस हजारांच्या वर मतं आहेत, पण फरक बघता तिथं आधी गावं बांधावी लागतील. उत्तरेत उमेदवार द्यायचा की नाही हे आधी मागण्या ठेवून ठरवावं. मागण्या लेखी, दोन्ही पक्षांकडे एकाच दिवशी, आणि उत्तर वर्तमानपत्रात छापून आणायचं. मराठी कागदपत्रं, बायपास आणि रिंगरोडची जमीन, शाळांचे शिक्षक. तीनच. विलीनीकरणाची मागणी न्यायालयात आहे आणि आपल्या मनात आहे, ती कुठल्या पक्षाच्या सहीवर अवलंबून नाही, म्हणून ती या कागदात नको. यावर माझ्याच घरात वाद झालाय, तरी मी ठाम आहे.

आणि उमेदवार एक. तो मध्यवर्तीने बंद खोलीत ठरवण्याऐवजी गावोगावच्या समित्यांनी मतदान करून, अर्ज भरायच्या किमान सहा महिने आधी ठरवावा. हरलेल्याने दुसरा अर्ज भरायचा नाही, असं लिहून द्यावं. मास्तर, तुमची १, २, ३ ची पद्धत इथं वापरायला कुठल्या आयोगाची परवानगी लागत नाही.

---

हिंडलगा_मास्तर

वापरू. मतपत्रिका आणि मोजणीचा तक्ता मी तयार करून देतो. आमच्या शाळेतले दोन निवृत्त सहकारी मोजणीला बसतील, दोघांनाही पदवीधरच्या मोजणीचा अनुभव आहे.

---

कडोलीकर

विलीनीकरण कागदातून काढायला माझा विरोध आहे. तो शब्द काढला की समिती आणि नागरिक मंच यात फरक काय राहिला? १९५६ ला गोळ्या खाल्ल्या त्या वीजबिलासाठी नव्हे. एक उमेदवार आणि लेखी मागण्या, हे मान्य. हा एक मुद्दा मान्य नाही. १७ जानेवारीला हुतात्मा दिनाला सगळे येतीलच, तिथं समोरासमोर बोलू.

---

खानापूरचा_पाऊस

काका, तो वाद जरूर घालू. फक्त त्या वादातून पुन्हा दोन उमेदवार निघू नयेत. खानापूरच्या दोन्ही गटांतल्या तरुण मुलांना मी घेऊन येतो. नेत्यांचं मी सांगू शकत नाही.

---

टिळकवाडी_वाचक

लोकसभेला माझं मत कमळालाच राहील, हे आधीच सांगतो. विधानसभेचं मात्र तो कागद बघून ठरवीन. भाजपचे लोक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे कागद पोचवायचं आणि उत्तर मागायचं काम माझ्याकडे द्या. उत्तर आलं नाही तर तसं इथंच लिहीन.

---

येळ्ळूर_बूथ

शहापूरकर, याद्यांचं काम आत्ताच हातात घ्या. आमच्या तीन बूथांवर लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरच्या यादीतच आहेत आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांची इथं तशीच पडून आहेत. जिल्हा आणि तालुका पंचायतीच्या निवडणुका २०२१ पासून लांबल्यात, त्या कधीही लागतील आणि समिती त्यातच आधी मोजली जाईल. वडगावच्या ताई, तुमच्या बचत गटातल्या चार-पाच जणी यादी तपासायला मिळतील का?

---

वडगावची_लेक

मिळतील. पण यादी तपासताना कुणाला मत देणार हे त्यांना विचारायचं नाही, एवढं कबूल करा.